मावशी, ठकीची ट्रेनर

मावशी,

आमची कुत्री ठकी, हिला बघून सोसायटीतले लोक विचारतात, ट्रेनर कोण लावला होता? मी तुमचं, आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचं, नाव घेते तेव्हा त्यांना ती थट्टा वाटते. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

रस्त्यावरून आणलेलं आठ महिन्यांचं पिल्लू ते. कुकरची शिट्टी झाली की बाथरूममध्ये कमोडमागे दडायची. मिक्सर लागला की पलंगाखाली शू करायची आणि संध्याकाळपर्यंत अन्नाला तोंड लावायची नाही. 'ओट्याजवळ बांधा आणि मिक्सर चालू ठेवा, सवय होईल' असं एकानं सांगितलं आणि मी तसं केलं, दोनदा. त्यानंतर माझ्या हातात मिक्सरचं भांडं नुसतं दिसलं तरी ती थरथरायची. त्याची खंत मला अजून आहे.

डॉक्टरांनी आधी तिचे कान आणि सांधे तपासले. अंगात कुठे दुखत असेल तर कुत्री आवाजाला जास्त बिचकतात, म्हणाले. मग उपाय सांगितला : आवाज लांबून, अगदी हलका, आणि त्याच्या पाठोपाठ तिचा सगळ्यात आवडता खाऊ. पण सराव चालू असेपर्यंत एरवी तो आवाज तिच्या कानी पडता कामा नये, नाहीतर भीती पुन्हा उसळते. मी 'हो' म्हणून आले. ती अट माझ्यावर नव्हे, तुमच्यावर येणार होती, हे स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर कळलं.

तीन आठवडे तुम्ही आमच्याकडे कुकर लावला नाहीत. डाळ रात्रीच भिजत घालायला सांगितलीत आणि पातेल्यात शिजवलीत. चटणी खलबत्त्यात कुटलीत. रोज अर्धा तास जास्त जायचा आणि पुढे तुमची तीन घरं असायची. त्या वेळेचे पैसे तुम्ही घेतलेत, ते योग्यच. पण उशीर झाला म्हणून पुढच्या घरी तुम्ही बोलणी खाल्लीत, त्याची भरपाई मला करता आली नाही. खाऊ काय, कुणीही भरवेल. ते शांत आठवडे तुमच्याशिवाय कुणी देऊ शकलं नसतं.

आणि नजर तुमचीच. 'ती घुर्रला नाही घाबरत, भांडं बसवताना खट्ट होतं ना, तिथंच कान पाडते,' हे तुम्ही सांगितलंत. मग चार दिवस आपण वायर न लावता फक्त 'खट्ट' केलं आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला. मग मिक्सर जिन्यात नेला, खाली गोधडी, दार बंद, आणि मी तिला घेऊन आतल्या खोलीत. तुम्ही क्षणभर बटण दाबायचात. एकदा मी घाईनं खाऊ आधीच दिला, तर तुम्ही म्हणालात, 'असं केलं तर ती चिकनलाच घाबरेल.' दुसऱ्यांदा मी अजून जवळ जाऊ म्हणत होते. तिनं तुकडा तोंडातून टाकला आणि तुम्ही मिक्सर उचललात : 'आज एवढंच.'

मग कुकरची पाळी. फोनवर लावलेल्या शिट्टीच्या आवाजाला ती मानही वळवेना. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचं. फोनमधून ते वरचे सूर येणार कुठून? तुम्ही शेवटी कुकरमध्ये नुसतं पाणी घातलंत, स्वयंपाकघराचं दार लावलंत आणि एकच शिट्टी होऊ दिलीत.

दिवाळीचे फटाके तिला अजून सोसत नाहीत. ती रात्र आम्ही खिडक्या लावून, पंखा मोठा करून काढतो. पण घरात, मावशी, शिट्टी झाली की ती आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसते आणि तुमच्या हाताकडे बघते.

उद्या खोबऱ्याची चटणी मिक्सरवर करायचीय ना? तिच्यासाठी चिकन उकडून फ्रिजमध्ये ठेवलंय, खालच्या कप्प्यात.