पालुपद उशिरा येतं, तीच त्याची ताकद

महोदय,

जर्नी या अमेरिकन रॉक बँडच्या १९८१ सालच्या ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ला समीक्षक ‘साच्यातलं गाणं’ म्हणून मोडीत काढतात, ते पटत नाही. साच्यातलं पालुपद पहिल्या मिनिटाच्या आसपास येतं. इथे चार मिनिटं दहा सेकंदांच्या गाण्यात शीर्षकाची ओळ येते ती सुमारे ३ मिनिटं २० सेकंदांनी!

तोवर गाणं तोलून धरतो तो ड्रमर स्टीव्ह स्मिथ. उजखोरा असूनही तो हाय-हॅट (झांजांची जोडी) डाव्या हाताने वाजवतो आणि उजवा हात टॉम (ड्रम) व राइडच्या (मोठ्या झांजेच्या) बेलवर, म्हणजे मधल्या फुगवट्यावर, मोकळा फिरवतो. हे गाणं वाजवणारे इतर बँड तिथे सरधोपट ठेका धरतात आणि गाणं ढेपाळतं. पियानोतही त्यांची एक जागा हमखास चुकते. ई, बी, सी शार्प मायनर, ए ही कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) चौकडी दुसऱ्यांदा येते तेव्हा तिसरा कॉर्ड जी शार्प मायनर होतो. तो बदलला नाही तर चाल सपाट वाटते. मूळ गायक स्टीव्ह पेरीचे वरचे सूर झेपत नसतील तर पट्टी ईवरून डीवर उतरवावी, ओरडू नये.

शब्दांवरचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. गाण्यातला मुलगा ‘साउथ डेट्रॉइट’मध्ये वाढलेला आहे. पण अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या मध्यवर्ती भागातून दक्षिणेला गेलं की ‘साउथ डेट्रॉइट’ नव्हे, नदीपलीकडचं कॅनडातलं विंडसर लागतं.

– एक वाचक, पुणे