भरतपूरच्या रिक्षावाल्या सरदारजींना

सरदारजी, सत् श्री अकाल.

पत्र मराठीत लिहितेय, कारण दर हिवाळ्यात इकडून भरतपूरला पक्षी बघायला येणाऱ्यांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला फोनवर हिंदीत सांगेनच.

बाबांच्या हाताला कंप आहे, चालही मंदावलीय. तुमच्याकडे येण्याआधी एका सहल कंपनीने पूर्ण पैसे घेऊन त्यांना हॉटेलवरच बसवलं होतं. "काकांमुळे ग्रुपला उशीर होतो," हे त्यांच्या तोंडावर म्हटलं! ज्या माणसाने किती हिवाळे भिगवणला पट्टकादंब हंस बघत काढले, त्याला. आठवलं की अजून संताप येतो.

बाबांना तुमच्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानात यायचं होतं ते सायबेरियन क्रौंचांसाठी. संसारातून सवड मिळेपर्यंत २००२ उजाडलं, आणि त्यानंतर ते पक्षी तिथे आलेच नाहीत. निदान सारस तरी डोळे भरून बघावा, एवढंच त्यांचं मागणं. आमच्याकडे तो उरलाय गोंदियाच्या बाजूला, तोही मोजकाच.

जानेवारीतलं ते धुकं, हाडांत शिरणारी थंडी. सारसांची साद आधी ऐकू आली ती तुम्हालाच. धुकं जरा विरळ झालं, जोडी दिसली. बाबांनी दुर्बीण उचलली, पण हात इतके थरथरत होते की त्यांनी ती खाली ठेवली. तुम्ही सीटपुढे पाठमोरे येऊन उभे राहिलात. "बाऊजी, कंधे पे रखिए." बाबांनी दोन्ही कोपरं तुमच्या खांद्यांवर टेकवली. सारस माना वर करून साद घालत होते, पंख पसरत होते, आणि तुम्ही जरासुद्धा हलला नाहीत. मी तुमचे गारठलेले कान बघत होते. बाबा रडत होते, तुम्ही वळून पाहिलं नाहीत. त्याबद्दल तर जास्तच आभार.

उद्यानातल्या केवलादेव मंदिराजवळच्या दगडी फलकांवर शिकारींचे आकडे आहेत. १९३८ च्या एका शिकारीत ४,२७३ पक्षी मारले, तिथे व्हाइसरॉयचं नाव कोरलंय. तुमच्यासारख्यांचं नाव कुठेच नाही. पायडल मारत धुक्यातलं बदक नुसत्या आवाजावरून ओळखणारे, म्हाताऱ्याला ओझं न समजणारे तुम्ही लोक आहात, म्हणून आमच्यासारख्यांनाही ते पाणथळ बघता येतं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही येतोय. बाबांनी आत्ताच बजावलंय, रिक्षा तुमचीच हवी.