वावरात पडणारी कोळशाची धूळही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्धा नदीच्या खोऱ्यात, कोळशाच्या डंपरच्या रस्त्याला लागून आमचं वावर आहे. जवळच्या खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी व्हायची आहे. मी विज्ञानाचा शिक्षक होतो, म्हणून पर्यावरण अहवालातलं धुळीचं गणितही वाचलं. हवेतली पीएम-१० धूळ २४ तासांच्या दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम या मर्यादेत राहील, असा निष्कर्ष आहे. वावरात किती धूळ बसेल, याचा मात्र एकही आकडा नाही.

पीएम-१० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चाकाखाली भरडलेल्या भुकटीत याहून जाड कण भरपूर असतात. १०० मायक्रॉनचा कोळशाचा कण सेकंदाला साधारण फूटभर खाली येतो. तीन मीटर उंच उधळला आणि वारा सेकंदाला दोन मीटरचा असला, तर तो वीसेक मीटरवर पडतो. धुऱ्याकडची कापसाची तासं काळी का, ते यातच आलं. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम चार मिलिमीटर उतरतो. तो दीड किलोमीटर सहज जातो, आणि हवेच्या भोवऱ्यांनी पुन्हा उचलला तर त्याहून दूर. उंच चिमणीचा धूर लांब जाऊन जमिनीवर टेकतो. रस्त्याची धूळ जमिनीलगतच सुटते, तिचा सर्वांत जास्त थर रस्त्याकाठीच बसतो.

दुसरी गोष्ट हंगामाची. अहवालातली मोजणी मार्च ते मे या महिन्यांची आहे. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी नियमाला चालते, हे मला माहीत आहे. पण उन्हाळ्यात जमीन तापते, हवा उंचापर्यंत घुसळते आणि धूळ विरळ होते. कापूस वेचायचा तो नोव्हेंबर ते जानेवारीत. तेव्हा सूर्य मावळला की जमीन झपाट्याने थंड होते. खाली गार हवा, वर तिच्याहून उबदार, आणि वारा जवळपास पडलेला. धूळ वर जाऊच शकत नाही. डंपर रात्रभर चालतात, सकाळी उन्हं चांगली वर येईपर्यंत बोंडांवर भुकटी बसत राहते. धुऊन काढायला पाऊस नसतो. असा कापूस जिनिंगवर नेला की भाव पाडून मागतात. वर्षाच्या मेहनतीचं मोल तिथे कमी होतं, याचं फार वाईट वाटतं.

अशा अहवालांसाठी सर्रास वापरलं जाणारं एअरमॉड हे, धूर-धूळ हवेत कशी पसरते ते काढणारं संगणकीय प्रारूप कणांचा आकार दिला तर खाली बसणारी धूळही काढून देतं. म्हणून हिवाळ्यातला दर तासाचा वारा जागेवर मोजून हे गणित पुन्हा करावं. रस्त्यापासून २०, १०० आणि ५०० मीटरवर दर चौरस मीटरला किती ग्रॅम धूळ पडेल ते सांगावं. वावरांत महिनाभर धूळ गोळा करायची भांडी ठेवून तो आकडा पडताळावा. वेचणीच्या महिन्यांत संध्याकाळी रस्त्यावर पाणी मारावं आणि रात्रीच्या फेऱ्या कमी कराव्यात. हे सगळे आकडे सुनावणीच्या आधी, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.

– एक कास्तकार व निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ