दुसरी कार्यक्रमपुस्तिका

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सर्वांत वरच्या मजल्यावर जागा दाखवणाऱ्या ताईंना,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. मराठीत लिहितेय, कारण मन मोकळं होतं ते याच भाषेत. लेक इंग्रजीत करून तुमच्यापर्यंत पोचवणार आहे.

1987 च्या हिवाळ्यात आम्ही दोघं पहिल्यांदा तिथे आलो. पुच्चिनी या संगीतकाराचं ‘ला बोएम’ हे गाण्यांतून रंगणारं नाटक होतं. यांचं बालपण सांगलीचं, नाट्यगीतांवर वाढलेलं. इटालियनचा शब्द कळत नव्हता आणि खुर्चीसमोर अर्थ दाखवणारी पट्टी तेव्हा नव्हती. तरी शेवटी नायिका मिमी मरते तेव्हा हे ढसाढसा रडले. त्या डिसेंबरात तुमच्या ‘मेट’ला, म्हणजे मेट्रोपॉलिटनला, देणगी म्हणून पंचवीस डॉलरचा पहिला चेक पाठवला. “एवढा मोठा संसार नुसत्या तिकिटांवर नाही चालत गं,” म्हणाले. मग एकही डिसेंबर चुकला नाही. 1940 साली मेटचं नाट्यगृह विकत घ्यायला रेडिओवर तिथले प्रयोग ऐकणाऱ्यांनीही पैसे पाठवले होते, ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलीय. 21 एप्रिल 2008 ला हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने ते नऊ वेळा वरचा ‘सी’ हा खूप उंच सूर लावायचं गाणं पुन्हा गायलं. मेटमध्ये एकट्या गायकाने असं पुन्हा गाणं 1994 नंतर प्रथमच घडत होतं. हे उठून उभे राहिले आणि “वन्स मोअर!” म्हणून ओरडले. अगदी सांगलीच्या थेटरात ओरडावं तसे.

गेल्या ऑगस्टमध्ये हे गेले. मोसमाची दोन तिकिटं आधीच घेतलेली होती.

यांच्या नावे आणखी कुठे काही द्यावं म्हणून मी एका संस्थेला फोन केला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, “रक्कम किती?” आकडा ऐकल्यावर आवाजच बदलला. महिन्याभराने पत्र आलं ते यांच्याच नावाने, ‘पुढल्या वर्षीही असाच लोभ असावा’ म्हणून. ते पत्र हातात धरून मी कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी होते.

त्यानंतर आठवड्याभरात मी तुमच्याकडे आले. तुम्ही माझ्यामागे जिन्याकडे एकदा पाहिलंत. काही विचारलं नाहीत. जागेपर्यंत सोबत आलात, एक पुस्तिका माझ्या हातात दिलीत आणि दुसरी शेजारच्या खुर्चीच्या हातावर ठेवलीत. नेहमी ठेवायचात तशी. मागे उभं राहून ऐकणारा एक मुलगा रिकामी जागा बघून पुढे आला, तेव्हा त्याला हळूच दुसरीकडे नेलंत. प्रयोग सुरू व्हायची वेळ झाली, ऑस्ट्रियाने भेट दिलेली ती झुंबरं छताकडे वर चढू लागली. त्या क्षणी हे नेहमी माझा हात धरायचे. मी ती पुस्तिका धरली.

माझ्या माहेरी अशी एक शेजारीण होती. कुणाकडे दुःख झालं की जायची, सांत्वनाचं एक अक्षर बोलायची नाही, घरातलं पाणी भरून ठेवायची आणि निघून यायची. तुम्हाला पाहून चाळीस वर्षांनी ती आठवली.

डिसेंबरचा चेक मी पाठवला. पहिल्यांदाच माझ्या सहीने.

यंदाही दोन तिकिटं घेतली आहेत. एक विनंती आहे. मागे उभं राहून ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तरी यांच्या खुर्चीत बसवा. तो मुलगा दिसला तर त्यालाच बोलवा. आणि दुसरी पुस्तिका त्याच्या हातात द्या.

तुमची,
उजवीकडच्या खुर्चीतली