चिऊ, कनू आणि तुझा आराखडा

प्रिय सुहास,

तुझ्या कनूच्या, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या त्या अरुंद, उघड्या होडीच्या, सहलीचा आराखडा दोनदा वाचला. पाच दिवस, ६० किलोमीटर, सहा ठिकाणी पाणी सोडून कनू डोक्यावर घेऊन चालायचं. तू आणि वहिनी दोघंच असता, तर मी एक अक्षर बदलायला सांगितलं नसतं. चिऊ बरोबर असेल तर मात्र तो नव्यानेच मांडावा लागेल, आणि सुरुवात तारखेपासून.

चिऊ आत्ता पाच महिन्यांची, साडेसहा किलोची. बाळाचं वजन निदान १८ पौंड, म्हणजे सुमारे ८ किलो, होऊन त्याला लाइफ जॅकेट नीट बसेपर्यंत होडीत नेऊ नये, असा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा सल्ला आहे. तेव्हा अजून तीन महिने थांब. ती बसायला लागलेली असेल, पण रांगत नसेल, तो काळ सर्वांत सोयीचा. एकदा रांगायला लागली की चूल, खडे आणि पाण्याचा काठ या तिन्हींवर दिवसभर पहारा ठेवावा लागतो.

जॅकेट वयावर नको, वजनावर घे. तान्ह्यांचा आकार साधारण ८ ते ३० पौंडांसाठी असतो. मानेमागे डोकं पाण्यावर धरणारी जाड कॉलर, दोन पायांमधून जाणारा पट्टा आणि वर पकडायला मूठ, या तीन गोष्टी हव्यातच. पायांमधला पट्टा नसेल तर बाळ खालून निसटतं. जॅकेट चढवून खांद्यांपाशी वर ओढून बघ. हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मग कोमट, उथळ पाण्यात हात तिच्याखाली तयार ठेवून बघ, ती तोंड वर करून तरंगते का. सगळी जॅकेटं बाळाला उताणं करत नाहीत. काही बाळं हातपाय मारून पालथी होतात. म्हणून ही चाचणी सोडू नकोस. ती जॅकेट घालून रडणारच, तेव्हा आधी महिनाभर घरी रोज थोडा वेळ घालून सवय लाव.

हे फार कळकळीने सांगतो: चिऊला कनूत कशालाही बांधायचं नाही. गाडीतली बाळाची खुर्ची नको, आणि वहिनीच्या छातीशी बांधलेली झोळीही पाण्यावर नको. कनू उलटली तर आईचं जॅकेट आईला उताणं करायला बघतं, बाळाचं जॅकेट बाळाला, आणि बांधलेली दोघं एकमेकींना पाण्याखाली ओढतात. तिला तळाशीच बसव, पण मधल्या आडव्या दांडीखाली किंवा सामानाच्या पट्ट्यांमध्ये नाही. मागे वल्हवणाऱ्याच्या पायांपुढे, त्याच्याकडे तोंड करून, हात पोचेल इतकी जवळ. खाली जाड फोमची चटई हवी, कारण थंड पाण्याचा गारवा तळातून वर येतो आणि वल्ह्यांवरून ठिबकलेलं पाणीही तिथेच साचतं. जड सामान पुढे सरकव, नाहीतर मागची बाजू बुडेल आणि समोरून वारा आला की पुढचं टोक भरकटेल. उलटलात तर कोण काय करेल तेही आजच ठरवा: मागचा फक्त बाळाकडे जाईल, पुढचा कनू धरेल. वल्ही, पिशव्या वाहून गेल्या तर जाऊ देत.

१५ अंशांच्या खालचं पाणी मोठ्यांचाही श्वास पहिल्या मिनिटात अडखळवतं. बाळाचं अंग तर आपल्यापेक्षा कितीतरी लवकर गार होतं. म्हणून बर्फ वितळण्याचा हंगाम टाळ, उन्हाळा सरत आल्यावर जा. तलाव मधून ओलांडायचा नाही, काठाकाठाने २०-३० मीटरांच्या आतच राहायचं. दुपारी वारा वाढायच्या आधी मुक्कामाला पोचा. चिऊ एका बैठकीत पाऊण तास बसेल, फार तर तासभर. दिवसाला दोन-तीन बैठका, म्हणजे ८-१० किलोमीटर. अंगावर पाजायला दर वेळी काठाला लागा. पाण्यावर कुणाचंच जॅकेट उतरायचं नाही.

आता तुझी ती ९०० मीटरांची चाल, कनू आणि सामान उचलून जमिनीवरून न्यायची. कनू उचलणाऱ्याने बाळ घ्यायचं नाही, कारण त्याला पाय नीट दिसत नाहीत आणि घसरला तर कनूही तिच्यावर येते. बाळ कुठल्याच टोकाला एकटं ठेवता येत नाही. म्हणजे वहिनी चिऊला घेऊन पलीकडे थांबणार आणि सगळं सामान तुझ्यावर. एक कनू आणि दोन पिशव्या म्हणजे तीन खेपा भरलेल्या, दोन रिकाम्या: साडेचार किलोमीटर. अशा सहा चाली? माझं ऐक, एकही नको. एकच तलाव, एकच तळ, दोन रात्री, आणि रोज रिकाम्या कनूने छोटी फेरी.

दिवसाला आठ डायपर धर, म्हणजे तीन दिवसांची २४. ओलं झालेलं डायपर दीड-दोनशे ग्रॅम भरतं, तेव्हा परतीला चार-पाच किलो कचरा घट्ट पिशवीत आणायचा. ती जळत नाहीत, पुरायचीही नाहीत. पिशवी रात्री अन्नाबरोबर तंबूपासून दूर टांग, वास प्राण्यांना ओढतो. कापडी लंगोट हलके, पण ढगाळ हवेत वाळत नाहीत; दोन्ही थोडे ने. शी पाण्यापासून ६० मीटर दूर, १५-२० सेंटीमीटर खोल खड्ड्यात. धुणंही काठावर नाही, बादलीत पाणी घेऊन तितकंच लांब.

पाणी खळखळून एक मिनिट उकळ, २,००० मीटरांच्या वर तीन मिनिटं. पावडरचं दूध देणार असाल तर ७० अंशांपेक्षा गार नसलेल्या पाण्यात बनवून मग निववा. दोन तासांत संपलं नाही तर फेकून द्या.

डासांसाठी मुख्य भरवसा जाळीवर ठेव. निलगिरी-लिंबाचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. उन्हासाठी लांब बाह्या आणि रुंद काठाची टोपी. छत्री कनूला बांधू नकोस, वारा तिच्यात शिरला की कनू कलते.

झोपताना तिची चटई वेगळी, सपाट, घट्ट. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत घेऊ नका, नाक-तोंड झाकलं जातं. थंडी वाजते का ते मानेमागे हात लावून बघा. हात-पाय गार लागतातच. स्टोव्ह तंबूत कधीच पेटवायचा नाही.

निघण्याआधी डॉक्टरांकडून तापाच्या औषधाचा डोस तिच्या त्या दिवसाच्या वजनाप्रमाणे लिहून घे. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घे आणि मार्ग व परतीची वेळ घरी लिहून ठेव.

पण आधी जॅकेट. पाण्यात ती उताणी तरंगते का ते बघून मला लगेच कळव. मग तलाव कुठला ते नकाशा समोर ठेवून ठरवू.

तुझा,
अविनाश