जो सॅम्पलचा पियानो लिफ्टमधला नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘स्मूथ जॅझ म्हणजे लिफ्टमध्ये वाजणारं संगीत’ या वाक्यापाशी अडलो. लेखकांनी अमेरिकी पियानोवादक जो सॅम्पलचा १९७८ सालचा ‘रेनबो सीकर’ हा अल्बम ऐकला असता, तर ते वाक्य त्यांनी लिहिलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

मुळात ‘स्मूथ जॅझ’ हे नाव मागाहून चिकटलं. अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांनी ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ केलं. लॉस एंजेलिसचं ‘द वेव्ह’ हे असं संगीत लावणारं केंद्र सुरू झालं तेच १९८७ मध्ये. तोवर ‘रेनबो सीकर’ येऊन नऊ वर्षं झाली होती. सॅम्पल टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. शाळेतच त्याची विल्टन फेल्डर आणि स्टिक्स हूपर यांच्याशी गाठ पडली, आणि त्यातूनच पुढे ‘जॅझ क्रुसेडर्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला. १९७१ मध्ये त्यांनी नावातून ‘जॅझ’ हा शब्दच काढून टाकला, कारण त्यांच्या वाजवण्यात ब्लूज, चर्चमधली गाणी आणि सोल हे सगळंच होतं. सोल गायक मार्विन गेच्या ‘लेट्स गेट इट ऑन’मध्येही सॅम्पलची बोटं आहेत.

आता ‘रेनबो सीकर’कडे वळतो. ड्रम्सवर तोच शाळेतला मित्र हूपर, बासवर रॉबर्ट पॉपवेल, गिटार वाजवणाऱ्यांत रे पार्कर ज्युनिअर आणि तालवाद्यांवर ब्राझीलचा पॉलिन्हो दा कोस्टा. मी गेली बावीस वर्षं आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. पखवाज आणि टाळ एकमेकांत बसले की आम्ही ‘ठेका बसला’ म्हणतो. मग पेटीवाल्याला जागा भरत बसावं लागत नाही, तो थांबू शकतो. सॅम्पल असा थांबतो. एक छोटी जागा घेतो, बासला पुढे जाऊ देतो आणि बरोबर वेळेवर परत येतो. ज्याला हे गुळगुळीत वाटतं, त्याने एकदा फक्त बास आणि ड्रम्सकडे कान देऊन ऐकावं.

त्याच्या ऱ्होड्सबद्दलही लिहायला हवं होतं. या इलेक्ट्रिक पियानोत प्रत्येक पट्टीमागे हातोडी असते, ती धातूच्या बारीक काडीवर आदळते आणि त्या काडीचं कंपन चुंबकीय पिकअप टिपून घेतो. हलकं दाबलं तर घंटेसारखा गोड स्वर, जोर दिला तर तोच स्वर खरखरतो. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यावर ठरतो, इथे तो बोटाच्या वजनावर ठरतो. (आमच्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हा अल्बम पुन्हा लावायला लावला.)

याच अल्बममधलं ‘इन ऑल माय वाइल्डेस्ट ड्रीम्स’ या संथ रचनेचा तुकडा सतरा वर्षांनी रॅपर टुपाक शकूरने आईसाठी रचलेल्या ‘डिअर मामा’ या गाण्याच्या तळाशी घेतला. ‘डिअर मामा’ची नोंद २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत केली. मुलाने आईला म्हणायचं एवढं सगळं ज्या सुरांवर उभं राहिलं, त्या सुरांना निव्वळ पार्श्वसंगीत म्हणताना माझी तरी जीभ रेटत नाही.

स्मूथ जॅझच्या नावाखाली पुढे पुष्कळ पोकळ संगीतही निघालं, हे मला मान्य आहे. लेखकांचा राग त्यावर असेल तर तो रास्तच आहे. पण त्यात सॅम्पल सापडता कामा नये. १२ सप्टेंबर २०१४ रोजी तो ह्यूस्टनमध्येच गेला. आपल्या वृत्तपत्राने त्याच्यावर आणि ह्यूस्टनच्या त्या शाळकरी दोस्तांवर एक स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. लेखकांनीच तो लिहिला तर मला अधिक आनंद होईल. फक्त त्याआधी याच अल्बममधलं ‘मेलडीज ऑफ लव्ह’ रात्री, घरातली निजानीज झाल्यावर ऐकावं.

आपला नियमित वाचक,
सातारा