प्रोलॅक्टिन वाढलंय? ॲसिडिटीची गोळी कोणती घेता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळी दोन महिने लांबली की हल्ली जावा, नणंदा, शेजारणी सगळ्यांचं एकमत होतं: पीसीओडी! सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक फुगे दिसले की मग विचारायलाच नको. खरं तर 2003 साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांतच, थायरॉईड आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) यांसारखी पाळी लांबवणारी कारणं तपासून वगळल्याशिवाय हे निदान करू नये, असं म्हटलेलं आहे.

हनुवटीवर राठ केस, मुरमं, मानेवर काळसर पट्टा असेल तर पीसीओएसची (म्हणजे पीसीओडीचीच) शंका रास्त. मूल अंगावर पीत नसताना स्तनातून दूध येत असेल, तर प्रोलॅक्टिन बघायलाच हवं. चाळिशीच्या आतच अंगातून वाफा येऊ लागल्या तर पाळी अकाली जातेय का हे बघायला एफएसएच हे संप्रेरक तपासतात. पण शरीर पुस्तकाप्रमाणे वागत नाही. थायरॉईड मंदावलं की त्यापायीही प्रोलॅक्टिन चढतं. आणि दिवस गेले असतील तर ते चढणारच. म्हणून आधी गरोदरपणाची चाचणी आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बाकीचं नंतर.

मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मला लिहायचंय ते पुढचंच. परवा एक ताई प्रोलॅक्टिन कमी करणाऱ्या कॅबरगोलिनची चिठ्ठी घेऊन आल्या. रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिनचा आकडा 68 (ng/mL), आणि साधारण 25 च्या वर तो जास्त धरतात. गोळ्या पिशवीत टाकताना म्हणाल्या, "आणि ती माझी नेहमीची उपाशीपोटीची कॅप्सूलपण द्या." पाकीट उलटून बघितलं तर आत लेव्होसल्पिराइड! ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये हे नाहीतर डॉम्पेरिडोन असतं, आणि दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. दूध कमी येणाऱ्या बाळंतिणीला काही डॉक्टर डॉम्पेरिडोन देतात ते याचसाठी. मी त्यांना दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे परत पाठवलं.

यात डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. "कुठलं औषध चालू आहे का?" या प्रश्नाला बायका "नाही" म्हणतात, कारण ॲसिडिटीची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. आमच्या व्यवसायाचं मात्र चुकतं. ही औषधं चिठ्ठीवरच द्यायची असतात, पण काउंटरवरून ती सर्रास दिली जातात.

सुई टोचायच्या भीतीनेही प्रोलॅक्टिन थोडं चढतं, त्यामुळे किंचित वाढीला पुन्हा तपासणी पुरते. आकडा 200 च्या पुढे असेल, किंवा डोकेदुखीबरोबर कडेचं दिसेनासं झालं असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरच्या गाठीसाठी एमआरआय टाळू नये.

मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ रिस्पेरिडोनने, प्रोलॅक्टिन बरंच वाढतं. पण हे वाचून कुणी ती गोळी परस्पर बंद करू नये. बदल करायचा तो मनोविकारतज्ज्ञांनीच.

आपली,
एक फार्मासिस्ट, मिरज